पैशासाठीच गेले म्हणे

पुण्यातल्या मामेभावाने परवा घरच्या ग्रुपवर निकाल देऊन टाकला: स्पॅगेटी वेस्टर्नमधल्या, म्हणजे इटालियनांनी काढलेल्या काउबॉय सिनेमांतल्या, एकाही पात्राला मन नाही, सगळे डॉलरच्या मागे. आपला ‘शोले’ बघा, मैत्री आहे, निष्ठा आहे, सूडाच्या मागेही घरदार आहे. खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी लगेच संस्कारांचा विषय काढला.

मी इटलीत, बोलोन्यात राहतो. इथे उन्हाळ्यात पियात्सा माज्जोरेत, गावच्या मुख्य चौकात, खुर्च्या मांडून रात्री जुने सिनेमे दाखवतात, फुकट. लोक वेळेवर येतात आणि फोन खिशात ठेवतात. कोथरूडच्या फिल्म क्लबबद्दल मी काही बोलत नाही.

पण ‘शोले’बद्दल बोलतोच. जय-वीरू रामगढला जातात ते ठाकूर पैसे मोजतो म्हणून. तिथे पोचल्यावर तिजोरी साफ करून पसार व्हायचा त्यांचा बेत असतो, राधा चाव्या पुढे करते तेव्हा कुठे ओशाळतात. आणि ठाकूरच्या कुटुंबाची कत्तल बेतली आहे ती इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या मॅकबेन कुटुंबाच्या हत्येवर. सूड ज्यांच्याकडून उसना आणला, त्यांनाच मन नाही म्हणायचं!

लिओनेच्याच ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये (१९६५) क्लिंट ईस्टवुड शेवटी प्रेतं गाडीत टाकताना एकेकाच्या डोक्यावरच्या इनामाची बेरीज करतो. बेरीज जुळत नाही, म्हणजे एक जण अजून जिवंत आहे. मामेभावाला एवढंच आठवतं. त्याच्या आधी लगेच कर्नल मॉर्टिमर आपला सगळा वाटा सोडून घोड्यावर बसतो, ते आठवत नाही. तो मेलेल्या बहिणीचा सूड घ्यायला आलेला असतो. खलनायकाच्या हातातलं सूर वाजवणारं घड्याळ तिचं असतं, आणि हे आपल्याला शेवटी कळतं. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये (१९६४) हाच ईस्टवुड मारिसोलला नवऱ्या-मुलासकट सोडवतो, वर पैसे देतो. का, असं विचारल्यावर एवढंच सांगतो, की तुझ्यासारखीच एक होती, तिच्या मदतीला कुणी नव्हतं. संपलं. आपल्याकडे इथे वीस मिनिटांचा फ्लॅशबॅक आणि आईचं गाणं आलं असतं. कोर्बुच्ची या दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘द ग्रेट सायलेन्स’मधला (१९६८) मुका नायक पैसे घेऊन माणसं मारतो, पण शेवटी जखमी हाताने मरायला जातो, त्याचे त्याला कोण पैसे देणार होतं?

खरं तर मला बोलायचंय ते तुकोबद्दल. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधला (१९६६) अग्ली, एली वॉलेक. सगळ्यात हावरट, सगळ्यात बडबड्या. मठात त्याची गाठ पाद्री झालेल्या भावाशी पडते. आई केव्हाच गेली, वडील थोड्याच दिवसांपूर्वी गेले, हे तुकोला तिथे कळतं. भाऊ टोमणा मारतो: नऊ वर्षांनी आठवण झाली? तुको आधी चेष्टेवारी नेतो, मग उसळतो. आपल्या गावात भुकेने मरायचं नसेल तर पाद्री व्हायचं नाहीतर दरोडेखोर, दोनच वाटा होत्या, माझी जास्त खडतर होती, म्हणतो. आणि पुढे जे म्हणतो त्याच्यासाठी मी तो सीन पुन्हा पुन्हा लावतो: तू पाद्री व्हायला निघून गेलास तेव्हा मागे मीच राहिलो होतो, दहा-बारा वर्षांचा. म्हणजे घर आधी सोडलं ते त्या सोज्ज्वळ भावाने. बाहेर आल्यावर तुको ईस्टवुडला सांगतो, भावाचा माझ्यावर फार जीव, सूप पाजल्याशिवाय सोडेना. ईस्टवुडने सगळं ऐकलेलं असतं. जेवणानंतर चिरूटासारखं काही नाही, एवढंच म्हणून तो चिरूट पुढे करतो.

हा माणूस पैशासाठी धावतो असं खुशाल म्हणा. दक्षिण इटलीतून तेव्हा गावंच्या गावं उत्तरेतल्या तोरिनोच्या कारखान्यांकडे निघाली होती. थिएटरात बसलेल्या त्या लोकांना तुको समजावून सांगावा लागला नसेल.

बाबा गेले तेव्हा माझं पेर्मेस्सो, इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात होतं. मी मिरजेला पोचलो तो दहाव्याला. सगळं दादाने केलं, वहिनीने केलं. दादा एक शब्द बोलला नाही. इकडे परतल्यावर बारमध्ये जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, की घरी माझी केवढी सरबराई झाली, दादा तर नुसता राबत होता माझ्यासाठी.

काकांचा ग्रुपवर पुढचा मेसेज आला, की परदेशी गेलेल्यांना हे पैसेवाले सिनेमे आवडणारच. हसण्याचे चेहरे. दादाने काही लिहिलं नाही, पण निळी खूण दिसली. मामेभावानेही मिरज सोडली, माझ्या आधी, आणि आजोळच्या घराचा त्याचा हिस्सा बिल्डरला विकून कोथरूडला फ्लॅट घेतला. तो मात्र शिक्षणासाठी गेला असं धरतात.