हवेचा हिशेब

अमेरिकेत हवा विकत मिळते. साधी नव्हे, ४५०० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) दाबाने ठासून भरलेली. आमच्या न्यू जर्सीतल्या पेंटबॉलच्या, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाच्या, मैदानावर तिचा व्यवहार अनलिमिटेड थाळीसारखा चालतो. सकाळी एकदाच पैसे मोजायचे, मनगटाला कागदी पट्टी बांधून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत हवी तितक्या वेळा टाकी भरून आणायची. तेव्हा आपला मार्कर (हवेवर चालणारी, गोळ्या मारायची बंदूक) हवा जास्त पितो म्हणून कुणी झुरत बसायला आर्थिक आधार काहीच नाही. हे मत माझ्या बायकोचं. ती अकाउंटंट आहे, त्यामुळे तिच्या मतांना ताळेबंदाचं वजन असतं.

पण माझे वडील सांगलीत स्कूटरच्या डिकीत एक वही ठेवायचे. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. आकडा चाळीसच्या खाली गेला की त्या दिवशी घरात कुणी त्यांच्याकडे पैसे मागायला जात नसे. असल्या घरात वाढलेल्या माणसाला ‘हवा कितीही उडव, पैसे तेवढेच’ असं सांगून भागत नाही. पैसे तेवढेच असले म्हणून काय झालं, ॲव्हरेज मिळायलाच पाहिजे.

आणि नेमकं तेच मिळत नव्हतं. माझी टाकी ६८ घनइंचांची, म्हणजे लिटरभरापेक्षा किंचित मोठी. तिच्यात बाहेरची सुमारे तीनशे लिटर हवा कोंबलेली असते. खेळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एवढ्या हवेत बऱ्यापैकी मार्करने हजारभर गोळ्या तरी मारायला हव्यात. माझा मार्कर पाचशेच्या आत मान टाकायचा. तीही केव्हा, तर समोरच्या टोळीतले दोघे उजवीकडून वळसा घालून येताना मला स्वच्छ दिसत असताना. मी चाप ओढायचो, आतून नुसतं ‘फुस्स’ यायचं आणि गोळी बॅरलच्या तोंडातून घरंगळून माझ्याच बुटावर पडायची. फुटायचीसुद्धा नाही.

हा मार्कर मला भाच्याने शोधून दिलेला, सेकंडहँड. “मामा, एकदम प्रो लोकांचा मार्कर आहे. जरा हवा जास्त खातो, एवढंच.” भाचा इथे कॉलेजात शिकतो आणि स्वतः भाड्याच्या मार्करने खेळतो, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

मैदानाच्या कडेला लाकडी बाकं आहेत आणि प्रत्येक बाकावर एक वैद्य बसलेला असतो. मार्करमधल्या हवा सोडणाऱ्या झडपेच्या जाती दोन, म्हणून त्यांचे पंथही दोन, स्पूलवाले आणि पॉपेटवाले. पॉपेट मार्कर धक्का देतो, आवाज करतो, पण कमी हवेत भागवतो. स्पूल मऊ चालतो आणि हवा जरा जास्त मागतो. इथवर दोन्ही पंथांचं एकमत. माझा मार्कर स्पूल आहे म्हटल्यावर पॉपेटवाले जी सहानुभूती दाखवत, तिच्यात आनंदाचं प्रमाण फार असे. आजारी स्पूल आणि धडधाकट स्पूल यांत काही फरक असतो, हेच त्यांना मान्य नव्हतं. स्पूलवाले तर त्याहून अवघड. त्यांच्या मते माझ्या मार्करला काहीही झालेलं नव्हतं. मीच चाप फार ओढत होतो.

पहिला संशय अर्थात गळतीवर. हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, काढायचा, बॅरल काढायची, आत गोळी राहिली नाही ना हे बघायचं, टाकी लावायची आणि कान द्यायचा. आमच्या घरात कान द्यायला रात्री अकरानंतरच सवड मिळते. मी ओट्यापाशी बसलो. वाटीत भांड्यांच्या साबणाचं पाणी, हातात मुलीचा जुना रंगाचा ब्रश. टाकी जिथे बसते तिथे, दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या सांध्यांवर, मागच्या झाकणावर, सगळीकडे फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ. टाकीच्या तोंडाशी एक ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, असते, तिचा नंबर ०१५. माझा आधार नंबर मला पाठ नाही, हा आहे. तीसुद्धा ठणठणीत.

“अहो, काय चाललंय?” मागून आवाज आला.

“गळती बघतोय.”

“बाथरूमचा नळ कधीचा गळतोय. त्याला लावा साबण.”

टाकीवरचं मीटर रुपयाच्या नाण्याएवढं आणि काटा असा जाड की त्याच्या रुंदीतच दोनशे पीएसआय मावावेत. झोपताना काट्याचा फोटो काढला, सकाळी उठल्या उठल्या दुसरा काढला आणि दोन्ही मोठे करून शेजारी ठेवले. काटा तसूभरही हलला नव्हता. निजलेला असताना माझा मार्कर अत्यंत सज्जन होता.

उलगडा केला तो आमच्यातल्या एका कोल्हापूरकरांनी. हे गृहस्थ नोकरीत हायड्रॉलिक्स सांभाळतात आणि रविवारी झुडपात पडून पोरांना पेंट घालतात. माझे फोटो त्यांनी नीट बघितले, मग म्हणाले, “बसल्या जागी गळत नाही, म्हणून काय झालं? काम करताना गळत असंल की!”

आणि तसंच होतं. प्रत्येक गोळीमागे आतला बोल्ट पुढे सरकतो, हवा सोडतो, मागे येतो. त्याच्यावरची ओ-रिंग चिरलेली असेल तर ती स्वस्थ बसलेली असताना भोक दाबून धरते आणि हलायला लागली की बाजूने हवा सोडते. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, त्याचा हिस्स होत नाही, फेस येत नाही. मार्कर मागून उघडून बोल्ट ओढून काढला तर त्यावर वंगणाऐवजी पिवळट चिकटा, त्यात वाळू आणि कुणाच्या तरी पराभवाचा निळा रंग. पुढची ओ-रिंग नखाने दाबल्यावर तिच्यात तिळाएवढी चीर उघडली, बोट काढताच मिटली. बाकीच्या सुजलेल्या. इथे वंगण सिलिकोनचं लागतं. पेट्रोलियमचं ग्रीस काही रबरांना फुगवतं. आधीच्या मालकाने काय चोपडलं होतं ते त्यालाच ठाऊक. नव्या रिंगा बसवताना एक टुणकन उडून ओट्याखाली गेली. टॉर्च लावून काढली, तर तिच्यासोबत दिवाळीतल्या करंजीची कड आली.

रिंगा बदलल्या आणि ॲव्हरेज सुधारलं, पण वहीत लिहावं इतकं नाही. मग आली ड्वेलची पाळी. सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याने, वाल्व किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, तो आकडा म्हणजे ड्वेल, आणि तो बोर्डावर बटणं दाबून बदलता येतो. ड्वेल जास्त असेल तर गोळी बॅरल सोडून निघून जाते, तरी मागून हवा वाहतच राहते. आमच्याकडे नळ अर्धवट सोडून अंगणात गप्पा मारायला जाणारे एक काका होते. बोर्डवरचा आकडा बघून मला त्यांची फार आठवण आली. आधीच्या मालकाची विचारसरणी मला कळली. चिरलेल्या रिंगमुळे गोळीत जोर राहीना, म्हणून त्याने रिंग न बघता ड्वेल वाढवला, तेवढ्याने भागेना म्हणून अजून वाढवला आणि मग मार्कर माझ्या भाच्याला दाखवला.

ड्वेल उतरवायची रीत अशी की क्रोनोपाशी, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रापाशी, उभं राहून एकेक पायरी कमी करत जायचं. वेग ढासळायला लागला की किंचित वर यायचं आणि थांबायचं. आमच्या मैदानावर मर्यादा सेकंदाला २८० फूट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्याही थोडं वर. त्या क्रोनोपाशी एक रेफरी असतो, वय वर्षं एकोणीस-वीस, आणि पासपोर्ट तपासणाऱ्याचा चेहरा. मी एक पायरी उतरवून लागोपाठ चार गोळ्या मारल्या, तो आकडे वाचत होता. २७८. २४६. २७४. २३९. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मार्करकडे. एकाच मार्करमधून, एकाच ड्वेलवर, लागोपाठच्या गोळ्यांत एवढी तफावत म्हणजे आता दोष बॅरलमध्ये.

बॅरलची परीक्षा फार जुनी आणि फुकट आहे. ती मार्करपासून सोडवायची आणि गोळी आत टाकायची. गोळी आतच थांबली पाहिजे आणि फुंकर मारली की निघाली पाहिजे. माझ्या बॅरलमध्ये मी एकीकडून गोळी टाकली, ती दुसरीकडून तळहातावर पडली. बॅरलवर ०.६९३ कोरलेलं आणि त्या दिवशीची गोळी ०.६८५ इंचांच्या आसपास. आठ हजारांश इंचाच्या त्या फटीतून माझी हवा गोळीला मागे टाकून पुढे पळत होती. शिवाय गोळीचं कवच जिलेटिनचं, दमट हवेत फुगणारं, त्यामुळे जुलैतलं माप ऑक्टोबरात लागू पडत नाही. हे मी आईला फोनवर सांगितलं. तिने सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. “जिलेटिन म्हणजे ते प्राण्यांचं ना रे? चतुर्थीला तरी नको खेळूस. तोंडात उडालं तर उपास मोडायचा.” मी तिला सांगितलं की तोंडावर मास्क असतो. “मग बरं,” म्हणाली.

शेवटचा चोर मार्करमध्ये नव्हताच. हवा भरायच्या खिडकीवरचा पोरगा एका झटक्यात टाकी भरतो. दाबाखाली झपकन शिरलेली हवा तापते, टाकी हाताला कोमट लागते आणि मीटर ४५०० दाखवतं. मैदानात पोचून पहिली शिट्टी होईतो टाकी निवते आणि मीटर ४००० वर येतं. पाचशे पीएसआय एकही गोळी न मारता गेले. तळाचेही सगळे कामाचे नसतात. टाकी आठशेच्या आसपास आली की वेग पडायला लागतो. वडील अशा वेळी स्कूटर आडवी करून राहिलेलं पेट्रोल इंजिनकडे आणत. हवेला ही सोय नाही. मी पोराला म्हटलं, बाबा रे, हळू भर. माझ्यामागे वाढदिवसाला आलेली बारा-तेरा वर्षांची टोळी उभी होती. त्यांनी सामूहिक सुस्कारा सोडला. पोराने मात्र ऐकलं आणि तेव्हापासून मला बघितलं की तो आपणहून वाल्व हळू फिरवतो, वर ‘बघा, ४५००’ म्हणून मीटर माझ्याकडे वळवतो. आपल्याकडच्या पंपावर ‘झिरो बघा, साहेब’ म्हणतात, तो सगळा मान मला न्यू जर्सीत मिळाला.

हवेच्या काटकसरीतला अव्वल पुरुष मात्र या खेळाच्या पहिल्याच दिवशी होऊन गेला. २७ जून १९८१, न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर गाव, जंगलात बारा गडी. हातात नेलस्पॉट ००७, झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेलं. त्यात जिंकला एक वनाधिकारी. जंगलातून गुपचूप फिरून त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. याचं ॲव्हरेज काढायला गेलं तर शून्याने भागावं लागतं. बाकावरच्या स्पूलवाल्यांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, “बघ, आम्ही तेच सांगत होतो.”

नवी अरुंद बॅरल, नव्या रिंगा, उतरवलेला ड्वेल आणि सावकाश भरलेली टाकी. मार्कर आता हजाराच्या पुढे जातो. मी वही घातली आहे. तारीख, पीएसआय, गोळ्या आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. महिनाअखेर ती बायकोच्या हाती लागली. तिने शेवटचा रकाना सोडून दिला आणि गोळ्यांच्या रकान्याची बेरीज केली.

“गोळ्या पण थाळीत येतात का?”

“नाही. त्या विकत. खोक्यात दोन हजार.”

“आधी एक खोकं किती पुरायचं?”

आधी दोन रविवार जायचे, कारण अर्धा दिवस मी हवेच्या रांगेत असायचो. आता दुपारी तीनला खोकं रिकामं होतं आणि मी दुसरं फोडतो. खोक्याच्या किमतीपुढे हवेची पट्टी म्हणजे चिल्लर. हे मी शक्य तितक्या गोल शब्दांत सांगितलं. तिने वही मिटली, चष्मा डोक्यावर सरकवला आणि अगदी शांतपणे विचारलं, “अहो, ती चिरलेली रिंग कचऱ्यात नाही ना टाकलीत?”