अपील नसलेल्या आदेशाविरुद्ध कसे लढावे

मालक, भोसरीतल्या तुमच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात) ऑपरेटरची तर्जनी मुळापासून गेली आणि त्याने १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हा अपघात त्याआधीचा) दावा लावला, एवढ्याने खचू नका. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचे उत्तर, मुदतीत देऊच नका. दोन-तीन तारखांनंतर भरपाई आयुक्तांच्या (हे दावे तेच चालवतात) रोजनाम्यावर ‘कैफियतीविना पुढे’ असा आदेश पडेल. झाले, आव्हान द्यायला काहीतरी मिळाले!

आता कलम ३० वाचण्याचा मोह टाळा. अपील कोणत्या आदेशांवर चालते याची तिथे यादीच आहे: भरपाई दिली वा नाकारली, व्याज-दंड लावला, अवलंबितांत वाटप केले वगैरे. कैफियत बंद, उलटतपास बंद, कागद मागवण्याचा अर्ज नामंजूर, यांतले एकही त्यात नाही. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या न्यायाधिकरणांवरच्या देखरेखीच्या अधिकारात, रिट याचिका घेऊन थेट उच्च न्यायालय गाठा. कोल्हापूरला त्याचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आले, पण त्यात पुणे नाही; तेव्हा सकाळी ७.१५ ची डेक्कन क्वीन. तिच्यातले ऑम्लेट तरी नक्की पदरात पडते.

आयुक्तांनी अधिकाराबाहेर जाऊन केले काय, असे तिथे विचारतील. उत्तर म्हणून ‘आमचे वकील बदलले’ असे सांगून पाहा. उशिराचे कारण आणि कैफियत जोडून आयुक्तांकडेच अर्ज केला असता, तर थोडाफार खर्च लावून बहुधा घेतली असती. पण दोन पानी अर्जाला रिटचा रुबाब कुठून येणार?

परत येऊन ‘रिट दाखल आहे’ म्हणत तारीख मागा. नुसत्या दाखल केल्याने काम थांबत नाही, स्थगितीचा आदेश लागतो, हे आयुक्तांना माहीत असते. ते उलटतपासही बंद करतील. म्हणजे दुसरी रिट!

हिशेबाकडे बघू नका. ऑपरेटर ३० वर्षांचा, पगार २२,००० (ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, २१,००० च्या मर्यादेबाहेर, म्हणून भार विम्यावर टाकायची पळवाटही गेली). भरपाईसाठी पगार जास्तीत जास्त धरायचा १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयानुसारचा गुणांक २०७.९८, आणि तर्जनी गेल्याने घटलेल्या कमाईक्षमतेचे १४ टक्के: २,६२,०५५ रुपये. अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ३१,४४७. वर निम्म्या रकमेपर्यंत दंड. तो विमा कंपनी भरत नाही, तुमच्याच खिशातून जातो.

शेवटी निकाल विरोधात गेला की खरे अपील. पण भरपाईची रक्कम जमा केल्याचे आयुक्तांचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते चालत नाही. ज्यांच्या आदेशांवर दोन रिट ठोकल्या, त्यांच्याच कचेरीत पैसे भरून त्यांच्याच सहीचा दाखला मागायचा. मुदत ६० दिवस.