स्टार ट्रेक दाखवायचाय? मग टीव्ही लावूच नका

परवाच्या शनिवारी माझ्या घरी जो प्रकार झाला त्यानंतर माझी पक्की खात्री झालीय की आपल्या लोकांना मार्गदर्शनाची फार गरज आहे. म्हणजे कसंय, घरी कोणीतरी नवीन माणूस येतो, निरागसपणे विचारतो की स्टार ट्रेकचे, म्हणजे त्या अंतराळयानाच्या अमेरिकन सिरीयलवरून निघालेले, सिनेमे चांगले असतात का हो, आणि तुम्ही भोळसटासारखं "बस, लावतो" म्हणून मोकळे होता. असं चुकूनही करू नका. सिनेमा काय, दोन तासात संपून जातो. त्यावरचा वाद नीट जोपासला तर रिटायरमेंटपर्यंत पुरतो.

माझी भाची पुण्याहून इकडे सॅन होजेला एमएस करायला आलीय. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "मामा, तुझ्या त्या टोकदार कानवाल्याचा पहिला सिनेमा दाखव ना." (टोकदार कानवाला म्हणजे स्पॉक.) पंचवीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो हो! घरात कोणी विचारत नाही. आनंदाच्या भरात मी चार जुने मित्र बोलावले, बायकोने पावभाजी केली, साडेसहाला सिनेमा लावायचा असं ठरलं. मित्र बोलावले ही माझी चूक, पण त्यातूनच ही विद्या मिळाली, तेव्हा घ्या.

आधी, समोरच्याने कुठला सिनेमा मागितलाय याकडे साफ दुर्लक्ष करायचं. तिने पहिला मागितला ना, मग पहिला सोडून उरलेल्या बारांवर बोलायचं. १९७९ ते २०१६ मिळून तेरा आहेत, सहा मूळ सिरीयलमधल्या कॅप्टन कर्क, स्पॉक या जुन्या मंडळींचे, चार पुढच्या सिरीयलमधल्या कॅप्टन पिकार्डच्या टीमचे, तीन त्याच जुन्या भूमिका करणाऱ्या नव्या पोरांचे, तेव्हा मालाला तोटा नाही. चार सॉफ्टवेअर इंजिनियर एका सोफ्यावर बसवून "कुठल्यापासून सुरुवात करायची" एवढंच विचारा, भाजीवरचं बटर परत घट्ट होईल ही गॅरंटी माझी.

मग सम-विषमचा नियम काढायचा. हा काढल्याशिवाय तुम्हाला फॅन म्हणणारच नाही कोणी. सम नंबरचे चांगले, विषम नंबरचे टुकार, संपलं. दुसरा बघ खान नावाच्या व्हिलनचा, चौथा बघ व्हेल माशांचा, सहावा क्लिंगॉन या शत्रू जमातीशी तहाचा, आठवा बोर्ग नावाच्या अर्ध्या यंत्र-अर्ध्या माणसांचा, आणि एक-तीन-पाच-सात-नऊ गेले खड्ड्यात. आता भाची बिचारी साधं गणित येणारी मुलगी, ती म्हणाली की मग दहावा पण चांगला असेल. सोफ्यावर शांतता. कारण दहावा म्हणजे २००२ चा 'नेमेसिस', आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. वर अकरावा, २००९ चा, विषम असून धो धो चालला. एखाद्याने म्हटलं असतं, जाऊदे, नियम बोंबलला. पण आमच्यातला एक जण ऑफिसात डेटाचंच काम करतो, तो असा हार मानेल होय? त्याने सरळ १९९९ चा 'गॅलेक्सी क्वेस्ट' उचलला, जो स्टार ट्रेकचा सिनेमाच नाही, स्टार ट्रेकची टिंगल करणारा सिनेमा आहे, आणि तो नवव्या-दहाव्याच्या मधे कोंबला. झालं! आता 'नेमेसिस' अकरावा, म्हणजे टुकार, बरोबर. २००९ चा बारावा, चांगला, बरोबर. २०१३ चा तेरावा, टुकार. २०१६ चा चौदावा, बरा. नियमाला काही झालेलं नाही, सिनेमेच मोजायला चुकले होते. आणि हे एकट्याचं वेड नाही बरं का, २०१३ साली लास व्हेगासच्या संमेलनात फॅन लोकांनी खरंच सगळ्या सिनेमांची क्रमवारी लावली तेव्हा हा टिंगलवाला सिनेमा त्यांनी यादीत सातवा बसवला आणि त्याच वर्षी आलेला खरा स्टार ट्रेक सगळ्यात शेवटी टाकला. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता की जणू मुलाचं आयआयटीत सिलेक्शन झालंय. पेपर नॅपकिनवर कोष्टक काढलं त्याने. माझ्याकडे आहे अजून, भाजीच्या डागांसकट.

तोवर साडेसात.

पहिल्या सिनेमाचं थिएटरवालं व्हर्जन, २००१ चा डायरेक्टर्स कट की २०२२ चा फोर-के, हे एकमताने ठरेपर्यंत कोणालाही रिमोटला हात लावू देऊ नका.

प्रत्येक ग्रुपात एक खानसाहेब असतो. आमच्यातही आहे. म्हणजे आडनाव अस्सल कोब्रा, पण गेली तीस वर्षं १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान'शिवाय जगात दुसरा सिनेमा झालाय हे त्याला मान्य नाही. याला नवख्याच्या बरोब्बर शेजारी बसवायचं. हा आधी सांगणार की कर्क आणि खान अख्ख्या सिनेमात एकदाही समोरासमोर येत नाहीत, सगळं भांडण स्क्रीनवरून, बघ काय डायरेक्शन आहे! मग सांगणार की खान कर्कच्या टीममधल्या चेकॉव्हला चेहऱ्यावरून ओळखतो, पण खानचा मूळ एपिसोड पहिल्या सीझनमधला आणि चेकॉव्ह आला दुसऱ्यात, मग ओळखलं कसं? यावर ती बाथरूमवाली थिअरी, की चेकॉव्हने म्हणे तेव्हा खानला बाथरूमबाहेर ताटकळत ठेवलं होतं. ती झाली की दुसरी थिअरी. आणि मग, ज्या मुलीने एक फ्रेमसुद्धा बघितलेली नाही तिला, तोंडात पाव असताना, शेवटी स्पॉक कसा मरतो ते काचेवर हात ठेवून ॲक्टिंगसकट करून दाखवणार. डोळ्यात पाणी त्याच्या. भाची माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं अरे सांगतोयस काय तिला, तर म्हणे तिसऱ्याच्या नावातच 'स्पॉकचा शोध' आहे, त्यात काय सस्पेन्स!

पाचव्याचं नाव निघालं की नुसतं हसायचं. बघितलेला नसला तरी. (मला तो आवडतो. "देवाला स्पेसशिप कशाला लागते?" हा प्रश्न विचारायची हिंमत उरलेल्या बारातल्या एकात तरी आहे का? पण मी बोललो नाही. मीही हसलो.)

तुम्ही बे एरियात राहत असाल तर चौथ्या सिनेमावर तुमचा वडिलोपार्जित हक्क आहे हे विसरू नका. स्टारफ्लीटचं, म्हणजे कर्क-स्पॉक ज्या अंतराळ-दलात आहेत त्याचं, हेडक्वार्टर सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे आपल्याच गावचं, आणि १९८६ चा तो व्हेलवाला सिनेमा तर इथल्या रस्त्यांवरच घडतो. आमच्या एका मित्राने लगेच सांगितलं की सॉसालिटोचं म्हणून जे मत्स्यालय दाखवलंय ते खरं मॉन्टरेचं आहे, आणि पुरावा म्हणून फोनमधून स्वतःच्या फॅमिली ट्रिपचे फोटो काढले. चाळीस एक फोटो. जेलीफिश, मुलं, जेलीफिशसमोर मुलं, सासूबाई. सव्वानऊ वाजले.

सगळ्यात महत्त्वाचं, घरातलं कोणी चुकून कामाचं बोललं तर ते तिथल्या तिथे दाबून टाका. झालं काय, पहिल्या सिनेमाचा फोटो टीव्हीवर आला, त्यातली ती बिनकेसांची नटी दिसली आणि एक जण म्हणाला, ही टकली कोण होती रे? तर आमची ही किचनमधून म्हणाली, "टकली काय, पर्सिस खंबाटा ती, आपल्या मुंबईची. १९६५ ची मिस इंडिया. या सिनेमासाठी खरे केस काढले होते तिने." भाची ताडकन उठून बसली. "मामी, खरंच? मुंबईची? १९७९ साली? स्टार ट्रेकमध्ये?" संध्याकाळभरात त्या पोरीने पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. आणि आमचे खानसाहेब म्हणाले, "ते ठीक आहे वहिनी, पण त्या सिनेमात बाकी काहीच नाही." परत खान.

पुढचा मुद्दा कितवा ते आता मला आठवत नाही. भाची धीर करून म्हणाली, "काका, पण मला पहिलाच बघायचाय." तर चौघं जे हसले! झोपेची गोळी आहे अगं, फ्लॉप आहे, नुसतं ढगातून फिरतात. एकाने जाता जाता त्या ढगातलं गूढ व्हीजर म्हणजे शेवटी काय निघतं तेही सांगून टाकलं. सांगून टाकलं! त्या सिनेमात जे एकमेव रहस्य आहे ते!

आणि फ्लॉप कोणाला म्हणता रे? त्या सिनेमाने जगभरात १३.९ कोटी डॉलर कमावले. तुमच्या लाडक्या खानने ९.७ कोटी. हां, पहिल्याला खर्च झाला ४.४ कोटी आणि खान सव्वा कोटीच्या आतबाहेर झाला, म्हणून स्टुडिओवाले खानवर खुश, ते त्यांचं त्यांनी बघावं, तुमच्या खिशातून गेले होते का पैसे? आणि पहिला चाललाच नसता तर दुसरा काढला असता कोणी? डायरेक्टर रॉबर्ट वाइज, इफेक्ट्स डग्लस ट्रम्बल आणि जॉन डायक्स्ट्राचे, म्युझिक जेरी गोल्डस्मिथचं, ज्याची ट्यून पुढे पिकार्डच्या सिरीयलला लावली आणि ती ऐकून तुम्ही गहिवरता. ती त्या "झोपेच्या गोळी"तलीच आहे.

शेवटी सिनेमा लागला किती वाजता? अकरा वाजून वीस मिनिटांनी. पहिलाच लागला, कारण माझी बायको उठली, रिमोट घेतला आणि लावला. पोरगी पाय वर घेऊन बसली. क्लिंगॉन जहाजं आली, ती बघतेय. स्पॉक आला, बघतेय. मग कर्क आणि त्याचा इंजिनियर स्कॉटी त्या छोट्या पॉडमधून निघाले आणि लांबून त्यांचं जहाज, एंटरप्राइझ, दिसायला लागली. आता तो सीन ज्यांना माहितेय त्यांना मी काय सांगू. पाच-सहा मिनिटं कोणी काही महत्त्वाचं बोलत नाही, पॉड नुसतं जहाजाभोवती फिरतं, आधी सांगाड्यातून तुकड्यातुकड्यात दिसतं आणि मग वळून एकदम पुढून, पूर्ण, दिवे लागलेलं. मूळ सिरीयल १९६९ साली बंद पडली होती. इकडच्या लोकांनी दहा वर्षं वाट बघितली होती त्या जहाजाची. तो सीन लांब आहे कारण कर्कला ते सोडून जायला दोन-अडीच वर्षं झालीयत आणि बघणाऱ्यांना दहा, बघू द्या ना त्यांना पोटभर!

तर त्या सीनला आमच्यातल्या एकाने रिमोट उचलला, म्हणाला "हे आता सहा मिनिटं चालणार, काही होत नाही यात", आणि पुढे ढकलला. एंटरप्राइझ भुर्रकन गेली, थेट आत. बाकीचे तिघं हसले.

पावणेबाराला पोरगी म्हणाली मामा, उद्या असाइनमेंट आहे, सोडतोस का. गाडीत पंधरा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, ते जहाज पूर्ण दाखवलंच नाही ना?"

आता ऐका. हे तुम्ही चौघं वाचणार हे मला माहितेय, म्हणून तुम्हालाच सांगतो, मार्गदर्शन वगैरे गेलं चुलीत. लाज वाटायला पाहिजे रे तुम्हाला. वय काय आपलं? दहाबारा वर्षांचे होतो तेव्हा दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही सिरीयल लागायची, शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर दारात उभं राहून बघितलीय मी, इंग्लिश निम्मं डोक्यावरून जायचं. कोणी क्रम सांगितला होता मला? पहिला सिनेमा बघितला तो तिसरा, भाड्याच्या व्हीसीआरवर, कॅसेटला वरून आडव्या रेघा, कोण मेलाय आणि कशाला शोधतायत काही पत्ता नाही, आणि तरी रात्रभर झोप आली नव्हती. तो विषम नंबरचा आहे हे मला माहीत नव्हतं ना. तुम्हीही असेच काहीतरी अर्धवट बघून याच्या नादाला लागलात, सगळ्यांचे किस्से मला पाठ आहेत, खानसाहेब तर पाचव्यापासून सुरू झालेत, विचारा त्यांना. आणि आता एक पोर स्वतःच्या तोंडाने म्हणतेय की मला बघायचंय, तर तिला पाच तास नंबर शिकवता? तिला आवडला नसता तर नसता, झोपली असती तर झोपली असती, तिची ती झोपली असती! तुम्हाला तो सिनेमा बघायचाच नव्हता, तुम्हाला बोलायचं होतं, आणि ऐकायला एक नवीन कान मिळाला होता. आणि मीही गाढव, यजमान असून हसत बसलो, रिमोट हिसकावून घेतला नाही.

येत्या शनिवारी ती परत येतेय. ती, मी आणि तिची मामी. पहिल्यापासून लावणार, पॉडचा सीन दोनदा बघायचा म्हणाली तर दोनदा. तुम्हाला बोलावलेलं नाही. आणि माझ्या रिमोटचं मागचं झाकण त्या गडबडीत कोणाच्या तरी जॅकेटच्या खिशात गेलंय, ते शुक्रवारच्या आत दारात ठेवून जा, बेल वाजवू नका.