भूत शिरल्याशिवाय बाईचं ऐकतं कोण?

'स्त्री २' आल्यापासून एक वाक्य फार ऐकतेय. हॉरर सिनेमातली बाई बदलली म्हणे. पूर्वी नुसती किंचाळायची, आता धुलाई करते. मला हे अर्धंच पटतं. किंचाळणं कमी झालंय, मान्य. पण आपल्या हिंदी-मराठी भयपटात बाईला मनातलं बोलायचं असेल तर एकतर आधी मरावं लागतं, नाहीतर एखादी मेलेली बाई तिच्या अंगात यावी लागते. ही अट काही अजून सुटलेली नाही. बदललंय ते वेगळंच, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात १९४९ च्या 'महल'पासून करावी लागते. कमाल अमरोहींचा सिनेमा, अशोक कुमार, झोपाळ्यावरची मधुबाला आणि लताबाईंचं 'आएगा आनेवाला'. सगळ्यांना आठवतं ते एवढंच. पण त्यातलं 'भूत' निघतं कोण? माळ्याची मुलगी. जिवंत, हाडामासाची. वाड्याच्या नव्या मालकाचं लक्ष वेधून घ्यायला ती कुणा मेलेल्या कामिनीचं सोंग घेते. आता मला सांगा, माळ्याची पोर म्हणून समोर येऊन तिने दोन शब्द बोलायचे ठरवले असते तर त्याने मान तरी वर केली असती का? आणि त्याच सिनेमात त्याची लग्नाची बायको आहे, रंजना. नवरा दुसऱ्याच कुणाच्या सावलीमागे धावतोय म्हणून झुरणारी. ती शेवटी विष घेते आणि मरता मरता आळ नवऱ्यावर टाकून जाते. अख्ख्या सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट खरं तर हीच, पण तिच्यावर ना गाणं ना झोपाळा. रंजना कुणालाच आठवत नाही.

'वो कौन थी?' मध्ये (१९६४) साधना पांढऱ्या साडीत भर पावसात रस्त्यावर उभी. तिथेही भूतबित काही नाही, इस्टेटीसाठी रचलेला डाव. घाबरायचंय मनोज कुमारने, साधना फक्त दिसायची. सुंदर दिसायची, प्रश्नच नाही. पण तिच्या डोक्यात काय चाललंय याची चौकशी सिनेमा जवळजवळ शेवटपर्यंत करत नाही.

मग आले रामसे बंधू. आमच्या पिढीने ते भाड्याच्या व्हीसीआरवर, मोठी माणसं झोपल्यावर आवाज बारीक करून पाहिलेत. त्यांना हसणं सोपं आहे, मीही हसते. पण 'पुराना मंदिर'ची (१९८४) गोष्ट नीट आठवून बघा. सामरी नावाचा सैतान राजघराण्याला शाप देतो की या घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल. गुन्हा केला सामरीने, शिक्षा दिली राजाने आणि भोगायचं कुणी, तर पिढ्यान्‌पिढ्या त्या घरच्या मुलींनी! वर आताच्या नायिकेला तिचा बाप हे सांगतही नाही, नुसता तिच्या प्रेमप्रकरणाला विरोध करत राहतो. शाप तिच्या पोटाला, गुपित बापाकडे आणि सामरीला संपवायला नायक. तिच्या वाट्याला काय? बाथरूममधला सीन. रामसेंना हे सुचलं असेल असं मला वाटत नाही, पण बाळंतपणाची भीती ही बायकांची खरी भीती होती आणि ती या सिनेमात चुकून का होईना आली.

आपल्या भुताखेतांच्या गोष्टींतही हेच आहे म्हणा. कुणी बाळंतपणात गेलेली, कुणी सवाष्ण गेलेली, कुणी विधवा. हडळ, जखीण, लावसट, आळवंतीण. गावागावात तपशील बदलतो, पण मेल्यावरही बाईची ओळख नवरा आणि मूल यांच्यावरूनच. पुरुषांमध्ये निदान वेताळ तरी आहे, सगळ्या भुतांचा राजा.

आणि अंगात येणं. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आमच्या आळीत एक काकू होत्या. एरवी सासूसमोर मान वर करायच्या नाहीत. नवरात्रात आरती सुरू झाली की अंगात यायचं, केस सुटायचे, आणि त्या सासूला अरे-तुरे करून काय काय सुनवायच्या! सासू हळदकुंकू घेऊन पायाशी. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा गप्प, पोळ्या लाटत. घरातल्या पुरुषांना ते 'दैवी' वाटायचं. आळीतल्या बायका मात्र आपापसात डोळ्यांनी बोलायच्या. मला वाटतं आपला निम्मा हॉरर सिनेमा या काकूंवरच चाललाय.

'रात' (१९९२) बघा. रेवतीने जे केलंय त्याला तोड नाही. साधी कॉलेजातली मुलगी, आणि मानेचा एक झटका, एक नजर, की आपण खुर्चीत मागे सरकतो. तिला सोडवतो कोण, तर ओम पुरींचा मांत्रिक. पण तिच्या अंगात जी होती तिचं नक्की काय झालं होतं, हे आज कितीजणांना आठवतं? तिला हाकलायचं होतं, हाकललं, विषय संपला. मुलगी पुन्हा 'चांगली' झाली.

इथे एक गोष्ट सांगते, जी मी मैत्रिणींना सारखी ऐकवते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत काय काय गुन्हा आहे त्याची यादी आहे, आणि यादीत पहिलंच काय आहे माहितीये? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. म्हणजे ज्याला आपण कित्येक वर्षं क्लायमॅक्स म्हणून पॉपकॉर्न खात पाहिलं तो सरळसरळ गुन्हा आहे. आणि खऱ्या आयुष्यात त्या दोराने बांधली जाणारी कोण असते हे मी सांगायला नको.

म्हणून मला 'भूत' (२००३) हा खरा वळणाचा सिनेमा वाटतो. दिग्दर्शक 'रात'चाच, रामगोपाल वर्मा. पण वाडा नाही, जंगल नाही, गाणी नाहीत. मुंबईतला टॉवर, उंचावरचा फ्लॅट. या घरातली आधीची बाई गॅलरीतून पडून मेली हे नवऱ्याला घर घेताना माहीत असतं आणि तो बायकोला सांगत नाही. का, तर उगाच घाबरेल. सगळं रामायण इथून सुरू होतं. पुढे ही बायको, म्हणजे उर्मिला, रात्री उठून बसायला लागते. डॉक्टरला तो आजार वाटतो. पोलिसाला संशय येतो. खरं काय चाललंय ते पहिल्यांदा ओळखते घरातली कामवाली बाई, सीमा बिस्वास. ती सुचवते एका मांत्रिकबाईचं, म्हणजे रेखाचं नाव. आणि रेखा येऊन काय करते? भुताशी बोलते! मंजीतला काय हवंय ते विचारून घेते. मंजीत ही विधवा, लहान मुलाला घेऊन एकटी राहणारी, ओळखीतल्याच एका पैसेवाल्या पोराने तिच्या घरात शिरून तिचा जीव घेतलेला. तिला त्या पोरापर्यंत पोचू दिल्यावरच उर्मिला सुटते.

मोलकरीण, मांत्रिकबाई, मेलेली बाई आणि जिच्या अंगात आली ती बाई. गुन्हा उकलला तो या चौघींच्या साखळीतून, आणि नवरा, डॉक्टर, पोलीस बिचारे मागून धावत. उर्मिला ओरडते तेव्हा तो आवाज घशातून येत नाही, पोटातून येतो. चेहऱ्याला मेकअप जवळजवळ नाही. 'रंगीला'तल्या मुलीने हे करून दाखवलं यावर तेव्हा लोकांचा विश्वास बसत नव्हता.

तर बदल झाला तो इथे. पूर्वी प्रश्न असायचा 'हिला घालवायचं कसं?', मग तो झाला 'हिचं म्हणणं काय आहे?'. बाई घाबरते की घाबरवते यापेक्षा मला हे मोठं वाटतं.

अर्थात सगळीकडे काही हे झालं नाही. एकच वर्ष आधी 'राज़' तुफान चालला होता. त्यात नवऱ्याचं बाहेर प्रकरण, ती मुलगी स्वतःवर गोळी झाडून घेते, तिचं प्रेत गुपचूप पुरलं जातं. आणि सिनेमाची सगळी धडपड कशासाठी, तर बायकोने ते प्रेत शोधून जाळावं आणि नवऱ्याला वाचवावं यासाठी. पतिव्रतेचं व्रत पूर्ण. बिपाशाने चांगलं काम केलंय, पण मी प्रत्येक वेळी त्या मेलेल्या मालिनीच्या बाजूने असते. 'भूल भुलैया'त (२००७) भुताच्या जागी मानसिक आजार आला, हे पाऊल पुढचं. तरी नायिका अवनीला रागवायला मंजुलिका ही मेलेली नर्तकी लागलीच, आणि इलाजाचा सगळा बेत तिला अंधारात ठेवूनच आखला गेला.

मराठीत यायचं तर 'लपाछपी'. विशाल फुरियाचा, आपल्याकडे २०१७ मध्ये लागला. थिएटरात किती दिवस टिकला विचारू नका, आपण मराठी प्रेक्षक ओटीटीवर हिंदी रिमेक आल्यावर जागे होतो. आठ महिन्यांची गरोदर नेहा, म्हणजे पूजा सावंत, नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते. चारी बाजूंनी ऊस. पळावं तर सगळ्या वाटा सारख्या, आणि फिरून फिरून तेच अंगण समोर. दिवसाढवळ्या भीती वाटते. अंधार वापरून घाबरवणं कुणालाही जमतं, या माणसाने ऊन वापरलंय. आणि उषा नाईकांची तुळसाबाई! खाऊपिऊ घालते, मायेने विचारपूस करते, आणि तिच्या प्रत्येक 'गं'मध्ये पोटातल्या बाळाचा हिशेब असतो. ते बाळ मुलगा आहे ना, एवढाच.

यातली भुतं दुय्यम आहेत. खरी भीती जिवंत माणसांची, आणि त्यातही एका बाईची, जी स्वतः हे सगळं भोगून आता पुढच्या बाईला भोगायला लावते. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. 'लपाछपी' बघताना हा आकडा माहीत असला की उसातून येणारे लहान मुलांचे आवाज वेगळे ऐकू येतात. नेहाला कुठली दैवी शक्ती मिळत नाही. जे आधी घडलं ते तिला ऐकावं लागतं, बघावं लागतं, सोसावं लागतं. माझ्या लेखी आपल्याकडची सगळ्यात धीट हॉरर नायिका हीच.

'स्त्री' (२०१८) मलाही आवडला. चंदेरीतले पुरुष रात्री बाहेर पडायला घाबरतात आणि बायका बिनधास्त फिरतात, ही एक उलटापालट अख्ख्या सिनेमाला पुरते. तिथेही पुरुषांना पळवणाऱ्या त्या 'स्त्री' नावाच्या भुताची मागणी ऐकून घेतली जाते, भिंतीवरचं 'कल आना' पुसून 'रक्षा करना' येतं. पण गोची इथेच झाली. काल जिच्यावर अन्याय झाला तिला आज गावाच्या राखणीला बसवलं! पुढच्या भागात सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, शिकलेल्या, मोकळ्या मुलींना पळवतो आणि त्याला आवरायला पुन्हा तिलाच यावं लागतं. गावातले पुरुष सुधारले का, याचं उत्तर कुणी देत नाही. वर मुलींच्या मोकळेपणाची बाजू घेणाऱ्या त्याच सिनेमात तमन्नाचं गाणं कॅमेरा कुठे कुठे फिरवत चित्रित केलंय तेही बघा एकदा.

'बुलबुल' (२०२०) दिसायला अप्रतिम आहे, तृप्ती डिमरी तर कमालच. पण पाय मोडून, बलात्कार होऊन, मरून झाल्यावर मग आकाश लाल आणि ती देवी. मला त्यात जास्त अस्वस्थ करून गेली ती बिनोदिनी, धाकटी जाऊ. जखमी बुलबुलला पुसता पुसता गप्प राहण्याचे फायदे समजावणारी. तिला कुणी शक्ती दिली नाही, ती मेलीही नाही. तिच्यावर सिनेमा कुणी काढणार का?

आता माझी तक्रार. 'मुंज्या' सिनेमातल्या मुंज्याला काय हवं होतं? मुन्नी. ती मिळाली नाही एवढ्या एका कारणावरून तो भूत झाला, कोकणातल्या झाडावर बसला आणि पुढच्या पिढ्यांना छळत राहिला. 'तुंबाड'मधल्या विनायकला नुसती हाव होती म्हणून अख्खा सिनेमा मिळाला. पुरुषाला भूत व्हायला हट्ट पुरतो, भयपटाचा नायक व्हायला लोभ पुरतो. बाईला मात्र आधी अत्याचाराचा दाखला जोडावा लागतो, तेव्हा कुठे तिचा अर्ज स्वीकारला जातो. मला हावरट बाईचा हॉरर बघायचाय. सोन्यासाठी विहिरीत उतरणारी, बहिणीचा वाटा लाटणारी, खोटं बोलणारी, आणि तिच्यावर आधी काहीही अन्याय झालेला नसलेली. घाबरली तर घाबरू दे. किंचाळली तरी चालेल मला, किंचाळणं वाईट नाही.

असा कुठल्याही भाषेतला सिनेमा माहीत असेल तर खाली सांगा, मल्याळममधले विशेष करून. आणि 'लपाछपी' राहिला असेल तर त्याच्या हिंदी रिमेकच्या, 'छोरी'च्या आधी तो बघा. दिवस गेलेले असतील तर मात्र आत्ता नको, बाळ झाल्यावर बघा, आणि सासूबाईंना सोबत घेऊन बघा.