बंबाचा कारभार

आमच्या साताऱ्याच्या घरी आबा उठले की बंब पेटायचा, आणि बंब पेटला की कुणी लोळत पडलेलं चालत नसे. मे महिन्यातसुद्धा. ‘सुट्टी शाळेला आहे, अंघोळीला नाही,’ हे आबांचं ठाम मत.

बंब तांब्याचा, तीनेक बादल्यांचा. मधोमध नळा, नळ्याखाली जाळी. पेटवायचा क्रम ठरलेला: कागदाचा बोळा, नारळाच्या शेंड्या, करवंट्या आणि वर बंबफोड, म्हणजे बंबासाठी फोडलेली छोटी लाकडं. एकदा मी करवंट्या आधी टाकल्या, तर सत्यनारायणाच्या प्रसादात कांदा घातल्यासारखे आबा माझ्याकडे बघत राहिले.

बोळ्यालाही सोवळं होतं. देवाचं चित्र असलेला कागद जाळायचा नाही, म्हणजे लग्नपत्रिका बाद. मी एकदा मोठ्या भक्तिभावाने गणिताची उत्तरपत्रिका अर्पण केली. पण शेंड्या दमट निघाल्या. आबांनी चिमट्याने बोळा बाहेर ओढला, तेव्हा नेमका गुणांचा कोपरा शाबूत होता.

“अकरा. शंभरात?”

“नाही आबा, पन्नासात.” तेवढीच अब्रू वाचली.

सकाळी ६.५५ला रेडिओवर संस्कृत बातम्या लागत. घरात त्यातलं अक्षर कुणाला कळत नसे, पण ‘इयम् आकाशवाणी’ कानावर पडायच्या आत पाणी कढलं पाहिजे. कारण ७.०५च्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांना आबा अंघोळ आटोपून, पंचा नेसून रेडिओसमोर हजर असत.

खरी परीक्षा त्यानंतर आमची. नियम एकच: बादलीभर गरम घेतलं की बादलीभर गार ओतायचं. बंब कोरडा पडला तर सांधे सुटतात, हे आबा रोज सांगत. पण गार ओतलं की पुढच्याच्या वाट्याला कोमट पाणी. म्हणजे जो ओतेल त्याने भावंडांच्या शिव्या खायच्या, आणि जो ओतणार नाही त्याने आबांच्या. ताईने यावर तोडगा काढला होता. ती रिकामी बादली नुसतीच जोरात आपटायची. आबा बाहेरून विचारत, “ओतलंस का गं?” ती आतून म्हणे, “आवाज नाही का आला?” खोटं एक अक्षर बोलायची नाही! माझा नंबर शेवटचा, त्यामुळे तिच्या सत्यवचनाची फळं मीच भोगली. तोटीतून आधी वाफ यायची, मग चार थेंब, मग आबा.

रविवारी बंब चिंच-मिठाने घासायचा. त्याबद्दल न बोललेलं बरं. नखांत चिंच सोमवारपर्यंत असायची.

आता तो बंब काकांच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात उभा आहे. नळ्यात प्लॅस्टिकची फुलं. परवा गेलो तेव्हा काकू चहा टाकायला आत गेल्या आणि सवयीने मी पाणी बघायला झाकण उचललं. आत रिमोटचे जुने सेल आणि विजेच्या बिलांची गुंडाळी होती. एकावरही देवाचं चित्र नव्हतं. बिलं अगदी खडखडीत वाळलेली. एका काडीत पेटली असती.