उजव्या बाजूची सीट

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूण आगार, ३१ वर्षं, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात. आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या आईला, गाडी लागते. गाडी सुरू व्हायचीही वाट बघत नाही ती. त्यामुळे दोघं म्युनिकला माझ्याकडे आल्यावर मी ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लोकनरच्या घाटात जायचा बेत काढला, तेव्हा आईने लगेच हात वर केले. "तुम्ही बापलेक जा. मी घरी पडते."

मला वाटलं, बरंच झालं. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना फिरवून आणलं. एक दिवस तरी निवांत बसावं, खिडकीतून बर्फाचे डोंगर बघावेत.

घोळ केला तो सीटने. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारच्याची जागा उजवीकडे. ३१ वर्षं ज्या बाजूला बसून अण्णांनी गाडी हाकली, नेमक्या त्याच बाजूला मी त्यांना बसवलं होतं, आणि समोरचं स्टिअरिंग तेवढं काढून घेतलं होतं. बसल्याबरोबर त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, तिथे काही सापडलं नाही म्हणून मांडीवर आले. मग त्यांनी उजवा आरसा आपल्याकडे वळवून मागितला. तो मला लागतो, हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी नाराजीनेच त्यांनी डॅशबोर्डवर बोटाने दोन टकटक केल्या. डबल बेल. निघालो.

हायवेवर फार त्रास नव्हता. "१३० ने चाललीयस. लवकर पोचून करणार काय आहेस?" एवढंच एकदा झालं.

फेरलाइटनच्या नाक्यावर मी चाळीसहून जास्त युरो मोजले. अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि चेहरा पडला. "घाटातल्या देवीला नाणं टाकतात ठाऊक आहे. ही कुठली देवी?" मी सांगायला घेतलं की हा रस्ता १९३० ते १९३५ या काळात बांधला, फ्रान्झ वालाक नावाच्या इंजिनिअरने आखला, ४८ किलोमीटर लांब, ३६ वळणं.

"पलीकडे काय आहे? आपल्या कराडसारखं?"

"तसं मोठं काही नाही. पलीकडेच जायचं तर त्या बाजूला बोगद्याचा रस्ता आहे. इथे लोक घाट बघायलाच येतात."

"म्हणजे कोणाला कुठे पोचायचंच नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा मात्र बराच वेळ मान हलवत होते.

चढण सुरू झाली आणि त्यांचा उजवा पाय कामाला लागला. प्रत्येक वळणाआधी तो पायाखालच्या मॅटवर दाबून बसे. वळण संपलं की सुटे. दहाव्या वळणापर्यंत मॅट गोळा होऊन पुढे जाऊन बसली होती. बरं, दाबायची वेळ इतकी अचूक, की मी ब्रेक थोडा उशिरा लावला तर शेजारून "हं!" असा आवाज येई. आंधळ्या वळणावर "हॉर्न!" अशी ऑर्डर. इथे उगाच हॉर्न वाजवत नाहीत म्हटलं, तर म्हणाले, "मग समोरच्याला कळवतात कसं? पत्र टाकून?" चौथ्यांदा हुकूम आला तेव्हा मी वाजवला. पुढे एक सायकलवाला छातीचा भाता करून चढत होता. तो दचकून कडेला गेला आणि मागे वळून त्याने जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. अण्णांनी त्याला काचेतून प्रेमाने हात केला.

प्रत्येक वळणावर पाटी होती, वळणाचा नंबर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. ही व्यवस्था त्यांना फार आवडली. "कुठे बंद पडली तर डेपोला नंबर सांगितला की झालं." मधूनच काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची एक गाडी सणसणत खाली गेली. नव्या मॉडेलचे ब्रेक तपासायला कंपन्या त्या इथे आणतात, आणि खरा आकार कळू नये म्हणून असं रंगवतात, हे मी सांगितलं. "ब्रेक तपासायला?" अण्णांनी माझ्या पायाकडे पाहिलं. पुढे काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

२४२८ मीटरवर फुशर ट्योर्ल नावाचा थांबा आहे. मी कॅमेरा काढेपर्यंत अण्णा गायब. शोधलं, तर एका टुरिस्ट बसपाशी उभे. बसचा ड्रायव्हर पायरीवर बसून कॉफी पीत होता. साठीचा, पोट सुटलेला, अगदी आगारात शोभेल असा. अण्णांनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं, "इंजिन पुढे का मागे?" तो जर्मनमध्ये काहीतरी बोलला, उठला आणि बसच्या मागे जाऊन तिच्या ढुंगणावर थाप मारली. झालं. मग दोघांनी हवेत हात फिरवून वळणं घेतली, बसची शेपूट कठड्याला कशी घासू पाहते ते करून दाखवलं, कपाळावरचा नसलेला घाम पुसला. "रिटार्डर" (उतारावर ब्रेक न तापवता बस हळू करणारी यंत्रणा) हा एक शब्द दोघांच्या भाषेत सारखा निघाला, तेव्हा तर मिठीच मारायची बाकी राहिली. मी भाषांतराला पुढे झाले, तर दोघांनीही हाताने मला बाजूला सारलं.

यात तास गेला. पलीकडची पास्टर्झे हिमनदी बघायचा बेत त्या बसवाल्याने खाल्ला. निदान एडेलवाइसश्पित्सेला तरी जाऊ म्हणून मी गाडी दगडी फरसबंदीच्या चढावर घातली. २५७१ मीटर, या रस्त्याचं सगळ्यात उंच टोक. गाडी लावायला मागे घ्यायची होती. अण्णा टुणकन उतरून मागे गेले. "येऊ दे... येऊ दे..." माझ्या गाडीला मागे कॅमेरा आहे. स्क्रीनवर फक्त अण्णांचं जर्किन दिसत होतं.

तिथून म्हणे तीन हजार मीटरवरची तीसहून जास्त शिखरं दिसतात. अख्खं जग त्यांच्याकडे तोंड करून उभं होतं. अण्णा कठड्याला टेकून उलट्या दिशेला, खालच्या रस्त्याकडे बघत होते. माझ्या सातही फोटोंत त्यांची पाठ आहे.

"अण्णा, जरा डोंगर बघा ना!"

"ड्रायव्हरने इकडेतिकडे बघायचं नसतं, बाय. नजर जाते तिकडे गाडी जाते."

"पण आत्ता तुम्ही गाडी चालवत नाही आहात."

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी लागट बोलले होते.

उतरताना सातआठ वळणांनंतर गाडीत जळका वास आला. मी म्हटलं, पुढच्या गाडीचा असेल. अण्णा म्हणाले, "थांब कडेला." उतरून ते पुढच्या चाकापाशी ओणवे झाले आणि तळहात चाकाला न लावता, नुसता जवळ धरला. आई तवा तापला का बघते तसा. "ब्रेकवर घाट उतरवतेस? दुसऱ्यात टाक."

"ही ऑटोमॅटिक आहे. तिला दुसरा नसतो."

"मग हा एम काय आहे?"

चार वर्षं गाडी वापरतेय, त्या एमकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दांडा तिथे सरकवला की गिअर हाताने टाकता येतात. अर्धा तास ब्रेक निवू दिले आणि निघालो. पहिल्याच वळणावर मी स्टिअरिंग, आरसा, सायकलवाले आणि दांडा यांत गोंधळले, आणि माझा हात पोचायच्या आत दुसराच हात दांड्यावर पडला. अण्णांचा डावा. एसटीत गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतो. इथेही तो त्यांच्या डाव्या हातालाच होता. सकाळपासून तिथेच होता.

इंजिनाने दीर्घ हुंकार दिला आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली. मग आम्ही तो घाट असाच उतरवला. वळवायचं मी, गिअर त्यांचे. "दुसरा", "राहू दे", "आता तिसरा", "हं, सोड". मॅटवरचा पाय शांत झाला होता. हॉर्नचा हुकूमही एकदाच आला.

खाली पेट्रोल पंपावर थांबलो, तर आईचा फोन. अण्णांनी घेतला. रस्ता एकदम बेस, खड्डा म्हणून नाही, एक बस ड्रायव्हर भेटला, माणूस लाखातला, अशी सगळी हकिगत झाली. मग आईने काहीतरी विचारलं. अण्णा थांबले. फोनवर तळहात दाबून माझ्याकडे वळले.

"डोंगर कसे होते गो?"

मला तरी काय ठाऊक? मी गाडी चालवत होते.