नवा टीव्ही घेतला तरी बॉक्स का लागतो? काकांच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार काका,

आमच्या केबल सेवेला तुम्ही एकच स्टार दिलात आणि त्याखाली चार गोष्टी लिहिल्यात. ४३ इंची नवा स्मार्ट टीव्ही घेतला तरी आम्ही केबलचा सेट-टॉप बॉक्स गळ्यात मारला. पुण्याहून आणलेला चालू बॉक्स आमच्या माणसाने हातात न घेताच 'चालणार नाही' म्हणून बाजूला सारला. चित्र धुरकट दिसतंय म्हटल्यावर 'टीव्हीतच फॉल्ट आहे' असं सांगून तो निघून गेला. आणि आता टीपॉयवर दोन रिमोट. शेवटी लिहिलंत, 'अमेरिकेत माझ्या मुलाकडे असला डबा नाही, हा केबलवाल्यांनी मांडलेला धंदा आहे.'

धुरकट चित्राची चूक पूर्णपणे आमची. रविवारी मी स्वतः घरी आलो तेव्हा बॉक्सच्या मागे लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली दिसली. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी आणि मध्ये ही जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातली वायर! आमच्या माणसाच्या पिशवीत तेवढीच होती, म्हणून त्याने तीच लावली. एचडीएमआय केबल जोडली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा ५७६ होता तो १०८० केला आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं सोफ्यावरून वाचता यायला लागली. तुमच्या टीव्हीत काहीही दोष नव्हता. तसं तुम्हाला सांगितलं गेलं आणि तुम्ही दुकानदाराशी भांडून आलात, याबद्दल मनापासून माफी मागतो. जोडणीचे ३०० रुपये त्याच दिवशी परत केले आहेत.

रिमोटचंही तसंच. बॉक्सच्या रिमोटवर वरच्या कोपऱ्यात टीव्हीसाठी चार-पाच बटणं असतात, ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकतात. दोन्ही रिमोट समोरासमोर, नाकाला नाक लावून ठेवायचे, सेटचं बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबायचं, मग एकेक बटण शिकवायचं. पाच मिनिटांचं काम, पण ते जोडणीच्याच दिवशी करून द्यायला हवं होतं. काकूंनी परवा आवाजाचं बटण स्वतः शिकवलं.

आता बॉक्सचं. इथे तुमचा राग खरा आहे, पण तो जरा वेगळ्या दारावर जायला हवा.

मी या धंद्यात १९९६ पासून आहे. तेव्हा गच्चीवरच्या डिशवरून सिग्नल यायचा, आमच्या खोलीतून वायर निघायची आणि थेट तुमच्या टीव्हीत घुसायची. बॉक्स नाही, कार्ड नाही. टीव्हीच्याच रिमोटवर सगळं. एका वायरला स्प्लिटर लावून हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत दोन टीव्ही चालायचे. पण त्या पद्धतीत कुणाच्या घरी काय दिसतं आणि एकूण किती घरं जोडलेली आहेत, हे कुणालाच नक्की कळत नव्हतं. केबलवाले जोडण्या कमी दाखवायचे. या धंद्यात ती सवय होती, लपवण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये केबल कायदा बदलला आणि प्रत्येक चॅनल डिजिटल आणि कुलूपबंद करूनच पाठवायचं, हे सक्तीचं झालं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख होती. आपलं सोलापूर आणि तुमचं पुणे दोन्ही दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३.

हे कुलूप म्हणजेच बॉक्सचं खरं काम. रविवारी तुमच्यासमोर मी वायर थेट टीव्हीला लावून स्कॅन केलं, आठवतंय ना? शंभरच्या वर चॅनलची नावं आली आणि प्रत्येकावर काळा पडदा. टीव्हीला सिग्नल कळतो, पण किल्ली त्याच्याकडे नाही. ती बॉक्समध्ये असते आणि कुलूप-किल्लीची ही यंत्रणा प्रत्येक कंपनीची वेगळी. तुमचा पुण्याचा बॉक्स ज्या कंपनीचा, तिची किल्ली आम्हाला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीच्या कुलपाला लागत नाही. बॉक्समधला ट्यूनर, चिप, एचडीएमआयचा पोर्ट सगळं जवळजवळ सारखंच असतं, आणि तरीही गाव बदललं की तो निकामी.

हे मला तुमच्यापेक्षा जास्त बोचतं, कारण माझ्या मागच्या खोलीत असे बॉक्स पोत्यात भरून पडलेत. कुणी घर बदललं, कुणी डीटीएचवर गेलं, कुणी दुसऱ्या केबलवर. प्लग लावला की हिरवा दिवा लागतो, पण कुणाच्या उपयोगाचे नाहीत. शेवटी किलोवर भंगारात जातात.

म्हणून हा प्रश्न केबलवाल्याकडे सुटणारा नाही, सरकारनेच नियम करायला हवा. डीटीएच कंपन्यांच्या परवान्यात बॉक्स एकमेकांच्या सेवेत चालायला हवेत अशी अट पहिल्यापासून आहे. प्रत्यक्षात त्यासाठी बॉक्सच्या मागच्या खाचेत दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल घालावं लागे. इतक्या खर्चात नवा बॉक्स येतो, मग ते घेणार कोण? ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, १० एप्रिल २०२० ला शिफारस केली की केबल आणि डीटीएच दोन्हींसाठी अशी व्यवस्था सक्तीची करावी, आणि किल्ली यूएसबीवर लागणाऱ्या छोट्या मॉड्यूलमध्ये असावी. बॉक्सला लावा नाहीतर टीव्हीला, कंपनी बदलली की फक्त ते मॉड्यूल बदला. मला हे मनापासून पटतं. पण आजपर्यंत माझ्याकडे कंपनीकडून आलेल्या एकाही बॉक्समध्ये ही सोय नव्हती. कंपन्यांना चोरीची भीती वाटते, आणि हातातला गिऱ्हाईक सुटायची जास्त, असं माझं मत.

तुमच्या चिरंजीवांच्या अमेरिकेबद्दल. तिथे हे भांडण आपल्या फार आधी झालं. तेव्हा लोकांनी 'केबल-रेडी', म्हणजे थेट केबल लावता येणारे टीव्ही आणि व्हीसीआर घेतले, आणि केबल कंपनीचा बॉक्स मध्ये आला की एक कार्यक्रम बघत दुसरा रेकॉर्ड करणं बंद. एका पडद्यावर दोन चित्रं दाखवणारे महागडे टीव्ही घेतले होते, तेही वाया. १९९२ च्या केबल कायद्यात याच तक्रारींवर वेगळं कलम आलं, बाजारातला रिमोट बॉक्सवर चालायला हवा हेसुद्धा त्यात होतं. १९९६ च्या कायद्याने सांगितलं की बॉक्स दुकानातूनही विकत घेता यायला हवा. मग केबलकार्ड निघालं, टीव्हीच्या मागे सरकवायचं कार्ड, म्हणजे फक्त किल्ली. २००४ च्या सुमाराला तसे टीव्ही दुकानात आले. १ जुलै २००७ पासून कंपन्यांनी भाड्याने द्यायच्या नव्या बॉक्समध्येही किल्ली वेगळीच ठेवायची, असा नियम लागू झाला.

आणि तरी बहुतेक लोक कंपनीचाच बॉक्स भाड्याने घेत राहिले. कार्ड लावायला माणूस बोलवावा लागायचा आणि त्या टीव्हींवर मागणीनुसार चित्रपट बघता येत नव्हते. २०१६ मध्ये त्यांच्या नियामक आयोगाने लोकांना भाड्याच्या बॉक्समधून सोडवायचा नवा प्रयत्न केला, तो मतदानापर्यंतही गेला नाही. २०२० मध्ये कार्डाची सक्तीच काढून टाकली. चिरंजीवांकडे डबा नाही तो बहुधा ते सगळं इंटरनेटवरच्या ॲपवर बघतात म्हणून, त्यांना एकदा विचारून बघा. युरोपात मात्र ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या डिजिटल टीव्हीला अशा मॉड्यूलसाठी खाच असणं फार आधीपासून बंधनकारक आहे. आपल्याकडे टीव्ही बनवणाऱ्यांनाही या नियमात ओढायला हवं, ते मला याच उदाहरणावरून वाटतं. नुसतं केबलवाल्याला धरून भागणार नाही.

एक गोष्ट माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, तरी सांगतो. काकू म्हणाल्या की त्या मुख्यतः सह्याद्री आणि बातम्याच बघतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आतच सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलंय. असा टीव्ही आणि गच्चीवर डिश असली की डीडी फ्री डिशचे मोफत चॅनल बॉक्सशिवाय आणि महिन्याच्या बिलाशिवाय दिसतात. तुमच्या आत्ताच्या टीव्हीत तो ट्यूनर नाही, मी मेनूमध्ये बघितलं. पण वरच्या खोलीसाठी टीव्ही घेणार आहात ना, तेव्हा दुकानात आधी हे विचारा. तिथे माझं कनेक्शन घेऊ नका, गरज नाही.

आमच्या माणसाने बॉक्सचे १५०० रुपये सांगितले, पण भाड्याने मिळतो हे सांगितलंच नाही. दोन्ही पर्याय तुमच्यापुढे ठेवायला हवे होते. तुम्ही इथे किती वर्षं राहणार हे अजून ठरलेलं नाही म्हणालात, मग भाड्यानेच घ्या. पैसे भरले असले तरी ते अनामत म्हणून फिरवून देतो.

पुण्याचा बॉक्स टाकून देऊ नका. तो तिथे भाड्याने असेल तर तुमची अनामत त्या कंपनीकडे अडकलेली असणार. जुनं बिल सापडलं तर बॉक्सच्या खाली चिकटवलेला नंबर त्याच्याशी ताडून बघा, जुळला तर त्यांच्याकडे अर्ज करता येईल. अर्ज मी लिहून देईन. येत्या रविवारी दहाच्या सुमाराला जुळे सोलापूरला दुसऱ्या एका घरी येतोय, जाताना तुमच्याकडे डोकावतो. तोवर बिल शोधून ठेवा.

आपला केबलवाला